वाचक विचारतात : मुक्कामाला आलेले सूक्ष्मजीव

पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांत शेत, वारूळ, डास आणि ससा असे एकमेकांशी संबंध नसलेले विषय आहेत. परंतु जवळजवळ प्रत्येक पत्रलेखकाने शेवटी विचारले आहे ते एकच, की हा सूक्ष्मजीव आपला मित्र समजावा की शत्रू. उत्तरे लिहिताना आम्ही हा प्रश्न थोडा बाजूला ठेवला आहे आणि त्याऐवजी प्रत्येक वेळी आधी हे पाहिले आहे, की तो सूक्ष्मजीव एका यजमानाकडून, म्हणजे ज्याच्या अंगात तो राहतो त्या जीवाकडून, दुसऱ्या यजमानाकडे कोणत्या वाटेने जातो. ती वाट कळली, की त्याच्या वागण्याचा बराचसा उलगडा होतो.

प्रश्न : सोयाबीनच्या बियाण्याला दर वर्षी रायझोबियमचे, म्हणजे मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंचे, पाकीट लावतो. गेल्या हंगामात फुलोऱ्याच्या वेळी काही झाडे उपटून पाहिली, तेव्हा मुळांवर गाठी भरपूर होत्या; पण फोडल्यावर बऱ्याचशा आतून पांढुरक्या निघाल्या. जिवाणू झाडाचे खाऊन काम न करता बसून राहतात, असे होऊ शकते का? (एक शेतकरी, औसा, जि. लातूर)

होऊ शकते, आणि आपण गाठ फोडून पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण नुसत्या गाठी मोजून काही कळत नाही. काम करणारी गाठ आतून गुलाबी किंवा लालसर असते. तो रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातील एका प्रथिनाचा असतो. हवेतील नत्र स्थिर करणारे विकर प्राणवायूच्या संपर्कात आले की निकामी होते, पण जिवाणूला श्वसनासाठी प्राणवायू तर हवाच. म्हणून हे प्रथिन प्राणवायू धरून ठेवते आणि आतल्या जिवाणूंना तो मोजूनमापून पोहोचवते. फुलोऱ्यात असलेल्या झाडाची गाठ पांढुरकी निघाली, तर ती अजून कोवळी असते, नाही तर तिच्यात नत्र स्थिर होत नसते. हिरवट किंवा तपकिरी गाठ म्हणजे म्हातारी झालेली गाठ.

आता जिवाणूच्या बाजूने हिशोब मांडून पाहू. सोयाबीनच्या बीमधून हे जिवाणू पुढच्या पिढीत जात नाहीत. प्रत्येक रोपाला आपले जिवाणू मातीतूनच नव्याने गोळा करावे लागतात. मूळ काही रसायने मातीत सोडते, जिवाणू त्यांना आपल्या रसायनाने उत्तर देतो, मग मुळावरचा केस वळतो आणि आत जाण्याची वाट उघडते. एखाददुसराच जिवाणू आत शिरतो आणि हंगाम संपून गाठ कुजली, की त्याची कोट्यवधी संतती मातीत परतते. नत्राचा एक रेणू स्थिर करण्यासाठी जिवाणूला ऊर्जेचे किमान १६ एटीपी रेणू खर्ची घालावे लागतात. हा खर्च जो टाळेल आणि झाडाने दिलेले अन्न स्वतःच्या अंगात साठवून ठेवील, त्याला आयत्या बिळावर नागोबा होऊन जास्त संतती सोडता येईल. एकाच झाडावर जिवाणूंच्या अनेक वाणांच्या गाठी असल्यामुळे झाड उपाशी राहिले तरी त्याचा तोटा सगळ्यांना वाटून जातो, आणि बचत मात्र एकट्या आळशाची होते. असे असताना लाखो वर्षांत सगळेच जिवाणू आळशी का झाले नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

याचे एक उत्तर सोयाबीनवरच मिळाले. संशोधक टोबी कियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही गाठींभोवतीच्या हवेतील नत्र काढून त्या जागी आर्गॉन वायू भरला होता. जिवाणू तेच होते आणि त्यांची तयारीही तीच होती, पण स्थिर करायला नत्रच नसल्यामुळे झाडाच्या दृष्टीने ते कामचुकार ठरले. तेव्हा झाडाने अशा गाठींचा प्राणवायू कमी केला आणि त्यांतील जिवाणूंची वाढ सुमारे निम्म्यावर आली. झाड जिवाणूंची पारख आधी करू शकत नाही, पण गाठीगाठीचा हिशोब नंतर ठेवते आणि त्याप्रमाणे रसद तोडते. वाटाणा आणि लसूणघास यांनी आणखी कडक मार्ग धरला आहे. त्यांच्या गाठींत नत्र स्थिर करू लागलेला जिवाणू फुगतो आणि त्याला पुन्हा प्रजनन करता येत नाही. संतती मागे ठेवतात ते गाठीतील कामाला न लागलेले भाऊबंद.

आपल्या शेतात नेमके काय झाले असावे, हे पत्रावरून ठरवता येणार नाही. तरी तीन गोष्टी तपासाव्यात. पेरणीच्या वेळी युरिया जास्त पडला असेल, तर झाडाला आयता नत्र मिळतो आणि ते गाठींवर खर्च करत नाही. पाकीट सोयाबीनसाठीच्या जिवाणूंचे होते ना, हेही पाहावे, कारण हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनला चालत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे बीजप्रक्रियेचा क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक, १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम, आणि त्यानंतर बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरणी. हे सगळे बिनचूक करूनही एक अडचण उरते. वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या जमिनीत जुने वाण ठाण मांडून बसलेले असतात आणि मुळात शिरण्याच्या शर्यतीत ते पाकिटातील नव्या वाणाला मागे टाकतात. शर्यत जिंकण्याचा गुण आणि नत्र देण्याचा गुण हे दोन्ही एकाच जिवाणूत असतीलच असे नाही.

प्रश्न : रब्बी ज्वारीवर चिकटा पडतो तो माव्यामुळे, हे ठाऊक आहे. पण एवढा कष्टाने शोषलेला गोड रस मावा बाहेर का टाकून देतो? (एक वाचक, मंगळवेढा, जि. सोलापूर)

कारण त्याला साखर नको असते, तिच्यासोबत येणारे अमिनो आम्लांचे चार कण हवे असतात. झाडाच्या अन्नवाहिन्यांतील रसात साखर ओसंडून वाहते, पण प्रथिने बांधायला लागणारी आवश्यक अमिनो आम्ले त्यात फारच थोडी असतात. म्हणून मावा रस सतत ओढत राहतो आणि नको असलेली साखर पानावर टाकतो. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते.

एवढे करूनही मावा केवळ रसावर जगू शकला नसता. त्याच्या पोटातील खास पेशींत बुखनेरा नावाचे जिवाणू राहतात आणि रसात नसलेली अमिनो आम्ले ते तयार करून देतात. हे जिवाणू आईकडून थेट पिलात उतरतात. त्यांना बाहेरची हवा कधी लागतच नाही. सोयाबीनच्या जिवाणूची वाट मातीतून जाते, याची आईच्या पोटातून. त्यामुळे मावा मेला तर बुखनेरालाही दुसरा आसरा नाही आणि फसवणुकीत त्याचा काहीच लाभ उरत नाही. ही सोबत पंधरा कोटी वर्षांहून जुनी आहे.

मात्र या सुरक्षित घराची किंमतही आहे. बंदिस्त वंशात नवे जनुक येत नाहीत आणि नको झालेले जनुक गळून पडतात. वाटाण्यावरील माव्यातील बुखनेराचा जनुकसंच २००० साली वाचला गेला, तेव्हा तो जेमतेम ६ लाख ४० हजार अक्षरांचा निघाला. आपल्या आतड्यातील त्याच्या नातेवाइकाचा, ई. कोलायचा, सुमारे ४६ लाख अक्षरांचा आहे. दुरुस्तीची साधनेही गळून पडल्यामुळे बुखनेरा नाजूक झाला आहे. उष्णता सोसण्यासाठी लागणाऱ्या एका जनुकाच्या चालू-बंद कळीत एकच अक्षर गळाले, तर उन्हाचा तडाखा बसताच जिवाणू मरतात आणि त्यांच्यामागे माव्याची प्रजाही घटते. काही माव्यांच्या जातींत तर बुखनेरा पूर्ण नाहीसा होऊन त्याच्या जागी बुरशी मुक्कामाला आलेली आहे.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवतात आणि बाजारात त्यांना मोठा भाव मिळतो. धिंगरी घरोघरी पिकवतात, मग ही का पिकवता येत नाहीत? आणि वारूळच का लागते? (एक वाचिका, डिचोली, गोवा)

गोव्यात ज्यांना रोण अळमी म्हणतात, त्या बुरशीचे शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, म्हणजे वाळवीची बुरशी. ती पेरणारा शेतकरी वाळवी आहे आणि तिचे शेत जमिनीखाली असते. कामकरी वाळव्या वाळका पाला आणि लाकूड खाऊन येतात आणि अर्धवट पचलेली विष्ठा रचून मधमाशांच्या पोळ्यासारखी, पण वेडीवाकडी, मऊ रचना उभी करतात. त्या खाण्याबरोबर बुरशीचे बीजाणूही पोटातून जातात, म्हणजे खत आणि बियाणे एकाच वेळी पडते. बुरशी लाकडातील चिवट भाग मऊ करते. मग तिच्यावर उगवलेले साबुदाण्याएवढे पांढरे मणी वाळव्या खातात आणि पुढे जुने झालेले पोळेही खाऊन टाकतात. ही शेती आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी एकदाच सुरू झाली, असे दोन्ही वंशांच्या जनुकांवरून दिसते. टांझानियात सापडलेली अशा पोळ्यांची जीवाश्मे अडीच कोटी वर्षांपूर्वीची आहेत, त्यामुळे शेतीच्या शोधाबद्दल माणसाने फारशी फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

आपण टोपलीत आणता ती अळंबी मात्र वाळवीच्या कामाची नसते. ती बुरशीची स्वतःची संतती पाठवण्याची सोय आहे. लांब मुळासारखा देठ खालच्या पोळ्यापासून माती फोडत वर येतो, छत्री उघडते आणि बीजाणू वाऱ्यावर जातात. वारुळाच्या दृष्टीने हा नुसता खर्च आहे. जे मणी पोटात जायचे, त्यांचे अन्न छत्रीत गेले. तरीही वाळव्यांना या छत्र्यांवाचून गत्यंतर नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या वाळव्यांपैकी बहुतेक जाती नवे घर करताना बुरशी सोबत नेत नाहीत. पंख टाकून नर-मादीचे जोडपे जमिनीत शिरते, अंडी घालते, आणि पहिले कामकरी बाहेर पडतात ते साधारण अळंबींच्या हंगामाच्या सुमारास. शेजाऱ्याच्या वारुळावरील छत्रीतून उडालेले बीजाणू पाल्यावर पडलेले असतात, तेच पोटातून घरात येतात. मॅक्रोटर्मिस बेलिकोसस या आफ्रिकी जातीत मात्र राजा, आणि मायक्रोटर्मिस या वंशात राणी, बुरशीची शिदोरी पोटात घेऊन निघते. इतर सगळ्यांचा संसार शेजाऱ्याच्या छत्रीवर उभा असतो.

मग अनेक वारुळांचे बीजाणू मिसळून आत भांडणे का होत नाहीत? सुरुवातीला अनेक वाण आत येतात खरे, पण जो वाण जास्त मणी देतो, तोच जास्त खाल्ला जातो आणि म्हणून पुढच्या पोळ्यात तोच जास्त पेरला जातो. थोड्याच काळात संपूर्ण वारुळात एकच वाण उरतो, आणि एकाच वाणाच्या धाग्यांना आपसात भांडण्याचे कारण राहत नाही. वारूळ ओसाड पडले, की मात्र स्यूडोझायलेरिया नावाची तणासारखी दुसरी बुरशी काही दिवसांतच पोळे गिळून टाकते. जिवंत वारुळात ती दिसत नाही ती कामकऱ्यांच्या राखणीमुळे. आपण विचारलेल्या लागवडीची अडचण यातच आहे. धिंगरीला गव्हाचे काड आणि ओलावा दिला की भागते. या बुरशीला कोणी तरी सतत चावणारे, विष्ठेचे पोळे रचणारे आणि तण उपटणारे लागते. प्रयोगशाळेत तिचे धागे वाढतात, तेही सावकाश, पण बाजारात नेण्याजोग्या छत्र्या वाळवीवाचून पिकवणे अजून जमलेले नाही.

एक विनंती. कळ्या आणि न उघडलेल्या छत्र्या सगळ्याच खुडल्या, तर बीजाणू सुटतच नाहीत. प्रत्येक वारुळावर चार-दोन छत्र्या पुऱ्या उघडू द्याव्यात आणि देठाचा मागोवा घेत वारूळ खणू नये.

प्रश्न : डेंगू रोखण्यासाठी जिवाणूची लागण केलेले डास मुद्दाम सोडतात, असे वाचनात आले. डासांत आणखी एक जंतू भरून ते मोकळे सोडणे धोक्याचे नाही का? (एक वाचिका, ठाणे)

हा जिवाणू, वोल्बाकिया, माणसाला बाधत नाही, आणि आपल्या घरातील क्युलेक्स डासांत तो पूर्वीपासून आहे; १९२४ साली तो प्रथम सापडला तोही क्युलेक्स डासातच. डेंगू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात मात्र तो निसर्गतः नसतो. फळमाशीतील वोल्बाकिया एडिसच्या अंड्यांत बारीक सुईने घालावा लागला. असा डास डेंगूच्या विषाणूला अंगात नीट वाढू देत नाही.

डास सोडल्यावर हा जिवाणू आपला आपण कसा पसरतो, हा भाग अधिक विलक्षण आहे. बुखनेराप्रमाणे वोल्बाकियाही आईच्या अंड्यातूनच पुढे जातो. नर त्याच्यासाठी बंद गल्ली आहे. म्हणून तो नराचा उपयोग वेगळ्या रीतीने करतो. लागण झालेल्या नराचे शुक्राणू तो असे बिघडवून ठेवतो, की लागण नसलेल्या मादीशी संग झाल्यास तिची अंडी मरतात. मादीत वोल्बाकिया असेल तर तीच अंडी व्यवस्थित फळतात. अशा रीतीने लागण नसलेल्या माद्यांची वीण घटत जाते आणि पिढ्यागणिक लागण झालेल्यांचा वाटा वाढत जातो. यजमानाचे भले करून नव्हे, तर इतर यजमानांचे नुकसान करून हा पाहुणा आपला वंश वाढवतो. इंडोनेशियातील योग्यकार्ता शहराचे २४ भाग पाडून त्यांपैकी १२ भागांत असे डास सोडले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या भागांत डेंगूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. भारतात पुद्दुचेरीच्या कीटकजन्य रोग संशोधन केंद्राने असे डास तयार केलेले आहेत.

पूर्व विदर्भातील वाचकांच्या ओळखीच्या हत्तीरोगाचा कृमीही वोल्बाकिया बाळगतो. तिथे मात्र तो अशी खोडी करत नाही. त्याच्यावाचून कृमीची वीणच थांबते. त्यामुळे डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचे औषध दिल्यास आधी वोल्बाकिया मरतो, मग कृमी वांझ होतो आणि हळूहळू मरतो. एकाच वंशातील जिवाणू डासात लबाड आणि कृमीत घरचा कर्ता, अशी ही स्थिती आहे.

प्रश्न : माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे खरे आहे का? (बारावीचा विद्यार्थी, नाशिक)

नाही. तो आकडा १९७०च्या दशकातील एका ढोबळ अंदाजावरून पसरला आणि कोणी फेरतपासणी न करता पुस्तकांतून पुस्तकांत गेला. २०१६ साली केलेल्या काळजीपूर्वक मोजणीनुसार ७० किलोच्या माणसात सुमारे ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. म्हणजे संख्या जवळपास सारखीच. या सर्व जिवाणूंचे वजन अंदाजे २०० ग्रॅम भरते आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात.

प्रश्न : मुलीने ससा पाळण्याचा हट्ट धरला आहे. इथले पशुवैद्य म्हणतात, की सशांच्या मिक्सोमा रोगाची लस ऑस्ट्रेलियात मिळत नाही. पण हा रोग इथे सत्तर वर्षांहून जुना आहे. कोणताही रोग जुना झाला की सौम्य होतो ना? (एक वाचक, मेलबर्न)

या समजुतीची जन्मकथा आपल्याच शहराच्या आसपासची आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. युरोपातून आणलेल्या सशांनी शेते आणि कुरणे फस्त केल्यामुळे १९५० साली ऑस्ट्रेलियात मिक्सोमाचा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. मूळ दक्षिण अमेरिकेतील रानसशांना त्याने अंगावर एखादी गाठ येते, त्यापलीकडे फारसे काही होत नाही. पण युरोपीय ससे १०० पैकी ९९हून अधिक मरत. डासांनी तो मरे नदीच्या खोऱ्यातून दूरवर नेला. विषाणुशास्त्रज्ञ फ्रँक फेनर यांनी पुढची अनेक वर्षे रानातून विषाणूचे नमुने गोळा करून ते प्रयोगशाळेतील सशांवर तपासले. मूळचे वाण त्यांत झपाट्याने दुर्मिळ होत गेले आणि त्यांच्या जागी ७० ते ९५ टक्के ससे मारणारे वाण आले.

इथपर्यंत ऐकून लोक म्हणतात, की बघा, सौम्य झाला. परंतु ७० टक्के मृत्यूला सौम्य म्हणणे कठीण आहे, आणि विषाणू तिथेच का थांबला याचे कारण पुन्हा वाटेत आहे. डास हा विषाणू सोंडेच्या टोकावर नेतो, सशाच्या कातडीवरील गाठीतून. अत्यंत मारक वाण सशाला लवकर संपवतात, म्हणून डासांना दिवस थोडे मिळतात. अगदी सौम्य वाणांच्या गाठींत विषाणू कमी असतो आणि त्या लवकर बऱ्या होतात, म्हणून डासाच्या सोंडेला फारसे काही लागत नाही. मधल्या वाणांना दोन्ही बाजूंनी लाभ होतो. विषाणूच्या हिताची ही जागा आहे. सशाच्या हिताचा विचार त्यात कुठेच नाही.

दुसरीकडे ससेही बदलत होते. एकाच प्रमाणित वाणाने सुरुवातीला सुमारे ९० टक्के ससे मरत असत. काही साथींनंतर त्याच भागातील सशांच्या नव्या पिढ्यांत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या जवळपास आले. ससे असे कणखर झाल्यावर मधला वाण त्यांच्या अंगात फार लवकर हरू लागला आणि विषाणूला पुन्हा जहाल होणे फायद्याचे ठरले. १९९०च्या दशकात रानातून घेतलेले काही वाण प्रयोगशाळेतील, म्हणजे ही झुंज न पाहिलेल्या, सशांना मूळ वाणाइतकेच मारक ठरले आहेत. आपल्या मुलीचा पाळीव ससा याच दुसऱ्या गटात मोडतो. सत्तर वर्षांच्या साथींतून त्याचे पूर्वज गेलेले नाहीत.

लस न मिळण्याचे कारणही याच इतिहासात आहे. लसीतील जिवंत विषाणू रानसशांत पसरून त्यांनाही संरक्षण मिळेल, अशी भीती तिथे आहे. तेव्हा ससा घ्यायचाच असेल, तर त्याचा पिंजरा घरात, बारीक जाळीच्या मच्छरदाणीत ठेवावा, संध्याकाळी त्याला अंगणात सोडू नये आणि पिसवांसाठी पशुवैद्यांनी सांगितलेले औषध वेळच्या वेळी लावावे, कारण डासांप्रमाणे पिसवाही हा विषाणू वाहतात.